टोपणनावांचा शोध : वत्सगुल्म, कारंजा आणि मराठी विज्ञानकथेची हरवलेली वंशावळ #धागा

(१)
१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा दाखल झाली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाचा लेखक तोवर कुणाला ठाऊक नव्हता. परीक्षकांनी कथा वाचली आणि तिला पहिले पारितोषिक दिले. जगताप मात्र अस्तित्वातच नव्हते. नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली की ज. वि. ना. मिळते, म्हणजे जयंत विष्णु नारळीकर.

(२)
नारळीकर तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झाली होती आणि हॉइल-नारळीकर सिद्धांतामुळे त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही माहीत झाले होते. या नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली. कथेची सुरुवात अहमदाबादच्या एका परिषदेत, कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना झाली, ही आठवण नारळीकरांनीच सांगितली आहे. (त्या व्याख्यात्याचे मराठी साहित्यावर मोठेच ऋण आहे.)

(३)
आता एक वेगळी शक्यता मनात आणावी. कथेला पारितोषिक मिळाले नसते आणि लेखकानेही आपले गुपित कधी उघड केले नसते, तर पन्नास वर्षांनंतर ही कथा शोधणाऱ्याच्या हाती काय लागले असते? फार तर एका हस्तलिखितावरचे ‘ना. वि. जगताप’ हे नाव. त्या नावामागे कोण होते, हे कोणत्याही सूचीला सांगता आले नसते.

नेमका हाच प्रश्न त्याच दशकात अमेरिकेतही उभा होता. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने लिहिणारा विज्ञानकथाकार कोण, यावर वाचक आणि समीक्षक वर्षानुवर्षे तर्क करत होते. आईच्या निधनाच्या बातमीतून धागा हाती लागला, आणि टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन नावाची स्त्री असल्याचे उघड झाले. तिथे शोध घेणारे होते चाहते. लेखक कोण, त्याने कोणत्या अंकात काय लिहिले आणि कोणकोणत्या नावांनी लिहिले, याच्या वह्या ठेवणे हा त्यांचा छंद होता.

मराठीत अशी वही कुणी ठेवली?

(४)
उत्तर शोधायला पुणे-मुंबई सोडून वाशीम जिल्ह्यात जावे लागते. कारंजा तालुक्यात धनज नावाचे गाव आहे. १ जुलै १९९८ पूर्वी हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत असे. कापूस, तूर आणि सोयाबीनचा हा पट्टा आज ग्रंथसूचीच्या संदर्भात कुणाच्या तोंडी नसतो. पण जिल्ह्याचे ठिकाण वाशीम आणि तालुक्याचे ठिकाण कारंजा, या दोन गावांचा अद्भुत वाङ्मयाच्या इतिहासाशी असलेला संबंध थक्क करणारा आहे. एका गावात एक काव्य हरवले. दुसऱ्या गावात अनेक काव्ये सापडली.

(५)
आधी हरवलेले काव्य.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या सुरुवातीस राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तीत एक रूपककथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून भटकू लागतो, आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. देशोदेशी फिरताना काव्यपुरुष हळूहळू तिच्यावर अनुरक्त होतो, आणि अखेर दोघांचा गांधर्वविवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावायला राजशेखराला सगळ्या भारतवर्षात वाशीमच योग्य वाटले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी होती.

(६)
या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन स्वतः कवी होता. काळ इसवी सनाचे चौथे शतक. त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. विषय असा : सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी कृष्ण स्वर्गावर चाल करून जातो आणि इंद्राच्या बागेतला पारिजात पृथ्वीवर आणतो. मानवी हट्टापायी परलोकावर केलेली ही स्वारी आज लिहिली गेली असती, तर दुकानात ‘फँटसी’च्या कप्प्यात ठेवली गेली असती.

काव्याची एकही पूर्ण पोथी उपलब्ध नाही. मग ते होते हे कसे कळले? नंतरच्या लोकांनी नोंद ठेवली म्हणून. काश्मीरच्या आनंदवर्धनाने त्याचा उल्लेख केला, कुंतकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंक्तीत बसवले, माळव्याच्या भोजाने त्यातल्या गाथा उदाहरणांसाठी उतरवून घेतल्या. या अलंकारग्रंथांत विखुरलेल्या आणि लेखनिकांच्या हातून भ्रष्ट झालेल्या प्राकृत गाथा वा. म. कुलकर्णी यांनी विसाव्या शतकात चिकाटीने शुद्ध केल्या. आज ‘हरिविजया’चे जे काही हाती आहे, ते या उसन्या तुकड्यांमधून आलेले.

(७)
कवी हाती आला, पण राजा अजून पुरता सापडला नव्हता. १९३९ साली वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. तो दुसऱ्या विंध्यशक्तीचा. त्यातल्या वंशावळीत सर्वसेनाचे नाव स्वच्छ कोरलेले होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हेच नाव होते, पण झिजलेल्या अक्षरांमुळे ते आधी चुकीचे वाचले गेले होते. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तो लेख नव्याने वाचला आणि ताम्रपट, शिलालेख व अलंकारग्रंथ या तिन्हींची सांगड घातली. कवी सर्वसेन आणि वत्सगुल्माचा राजा सर्वसेन एकच, हे त्यातून स्थिरावले.

ताम्रपट हा जमिनीच्या दानाचा कागद. त्यात काव्याविषयी अवाक्षर नाही. तरीही एका कवीची ओळख पक्की करायला तो उपयोगी पडला. नोंद कशासाठी केली गेली आणि ती पुढे कशासाठी वापरली गेली, यांचा परस्परसंबंध असतोच असे नाही.

(८)
आता सापडलेली काव्ये.

कारंजा हे जुने जैन केंद्र. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे तिथे आहेत, आणि त्या मंदिरांना जोडून हस्तलिखितांची भांडारे. शतकानुशतके पोथ्या कापडात बांधून पेट्यांत ठेवलेल्या होत्या. आत काय आहे हे मंदिराबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते.

१९२६ साली नागपुरात रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची सरकारने छापली. दिसायला अत्यंत रूक्ष ग्रंथ : पोथीचे नाव, कर्ता, पाने, ठिकाण. त्या कामात कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे लक्ष वेधले ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात पुढे अध्यापन करणाऱ्या प्रा. हीरालाल जैन यांनी. (दोघांच्या नावात घोटाळा करू नये. अनेकांनी केला आहे.)

(९)
सूची छापली गेली आणि पाच वर्षांत ग्रंथ बाहेर येऊ लागले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली निघाले. १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ साली मुनी कनकामराचे ‘करकंडचरिउ’, ही दोन्ही हीरालाल जैन यांची संपादने.

यांत काय आहे? ‘जसहरचरिउ’त पिठाचा कोंबडा बळी दिल्याच्या पापापोटी राजा आणि त्याची आई जन्मामागून जन्म पशुयोनीत फिरतात. ‘णायकुमारचरिउ’त विहिरीत पडलेले राजपुत्राचे अर्भक नाग सांभाळतो. ‘करकंडचरिउ’त विद्याधर आहेत, आणि तेरजवळच्या, म्हणजे धाराशिवच्या लेण्यांचे वर्णनही आहे. काव्यातली जागा नकाशावर दाखवता येते हे हीरालाल जैन यांनी ओळखले. धर्मोपदेश हा या ग्रंथांचा हेतू, यात वाद नाही. पण वाचकाला पानापानावर खेचत नेणारी शक्ती अद्भुताची आहे.

(१०)
पुष्पदंत दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात लिहीत होता. विसाव्या शतकाच्या वाचकाला तो भेटला कारंज्याच्या पेट्यांमुळे आणि एका रूक्ष यादीमुळे. यादी नसती तर पेट्यांमधले ग्रंथ शाबूत राहूनही अज्ञातच राहिले असते. ग्रंथ नष्ट होणे आणि ग्रंथाचा पत्ता नष्ट होणे, या दोन घटनांचा परिणाम वाचकाच्या दृष्टीने सारखाच.

(११)
छापखाना आला तेव्हा हा धोका संपेल असे वाटायला हवे होते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारकडे होऊ लागली आणि प्रांतोप्रांतीच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. हेतू अर्थातच राज्यकर्त्यांचा : कोण काय छापतो यावर नजर ठेवणे. पण आज याच याद्या एकोणिसाव्या शतकातील वाङ्मयाचा भक्कम पुरावा ठरल्या आहेत. पुढे शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ उभी केली. पहिला खंड १८०० ते १९३७ या काळाचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. एका माणसाने विषयवार वर्गीकरण करून रचलेली ही सूची मराठीतल्या मोठ्या पराक्रमांपैकी एक मानली पाहिजे. तिच्यावर चित्रपट निघणार नाही, एवढेच.

(१२)
पण पुस्तकांची सूची अद्भुतकथेला पुरत नाही. कारण मराठी अद्भुत आणि विज्ञानकथा जन्मली मासिकांत.

१९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः येऊ लागले. हे मासिक निघाले होते १८८६ मध्ये, थेट कोचीनहून, आणि संपादक होते कृष्णाजी नारायण आठल्ये. मराठीतल्या विज्ञानकथेच्या पूर्वजांचा माग असा मलबार किनाऱ्यापर्यंत जातो. १९०८ साली नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’ ही कादंबरी आली. नाथमाधव हेही टोपणनाव. मूळ नाव द्वारकानाथ माधव पितळे.

मग येते ‘तारेचे हास्य’. लेखक श्री. बा. रानडे, साल सामान्यतः १९१५ दिले जाते, आणि मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून हिचा उल्लेख होतो.

(१३)
या शीर्षकापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. ‘तारेचे’ हे सामान्यरूप कशाचे? आकाशातल्या पुल्लिंगी ‘ताऱ्या’चे रूप ‘ताऱ्याचे’ होते. ‘तारेचे’ होते ते स्त्रीलिंगी ‘तारा’चे, मग ती चांदणी असो किंवा तारा नावाची स्त्री. किंवा मग धातूच्या तारेचे, विजेच्या, संदेशाच्या. केवळ शीर्षक पाहून इंग्रजीत भाषांतर करणारा यांपैकी एक निवडतो आणि ती निवड पुढे यादीमागून यादीत उतरत जाते. कथा मात्र फार थोड्यांनी वाचलेली. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणाऱ्या कित्येक लेखांत हे नाव एका ओळीत येते आणि त्याच ओळीत संपते. कथानक काय, अंकाचे पान कोणते, पुढे ती कोणत्या संग्रहात आली का, ही माहिती त्या ओळीबरोबर प्रवास करत नाही.

‘पहिली’ हे विशेषणही जपून घ्यावे. सगळी मासिके चाळल्याशिवाय ‘पहिली’ म्हणता येत नाही. फार तर ‘आजवर आढळलेली पहिली’.

(१४)
मासिकांच्या त्या जगात नावांचा खेळ किती चाले याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ‘मनोरंजन’ मासिक काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे. मूळ आडनाव आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ झाले. १९०९ साली याच मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. आणि पुढची शंभर वर्षे मराठी विज्ञानकथा, गूढकथा, भयकथा यांचे मुख्य घर दिवाळी अंक हेच राहिले.

दिवाळी अंकाचे आयुष्य किती? वाचनालयात तो तीन-चार महिने हातोहात फिरतो. मग कपाटात जातो. मग रद्दीत.

(१५)
अमेरिकेतही स्थिती फार वेगळी नव्हती. १९२६ च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले. कागद स्वस्त लगद्याचा, लवकर पिवळा पडून तुटणारा. विद्यापीठांना त्या मासिकांचे सोयरसुतक नव्हते. फरक पडला तो वाचकांमुळे. १९४८ साली एव्हरेट ब्लायलर यांनी अद्भुत वाङ्मयाची पुस्तकसूची छापली. १९५२ साली ओरेगॉनमधील पोर्टलंडच्या डोनाल्ड डे नावाच्या चाहत्याने १९२६ ते १९५० या पंचवीस वर्षांतील विज्ञानकथा मासिकांची लेखकवार आणि शीर्षकवार सूची काढली, टोपणनावांच्या उलगड्यासह. पदवीसाठी नव्हे, नोकरीसाठी नव्हे. आज महाजालावर जो मोठा विज्ञानकथा-माहितीकोश आहे, आयएसएफडीबी, १९९५ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा, तो याच वह्यांचा वारस. १९७९ साली पीटर निकल्स आणि जॉन क्लूट यांनी काढलेला विज्ञानकथा-विश्वकोशही २०११ पासून महाजालावर खुला आहे.

(१६)
मराठीत मासिकांची सूची झाली नाही असे नाही. १९५० पर्यंतच्या नियतकालिकांवर दाते आणि सहकाऱ्यांनी मोठे काम केले. अडचण आहे त्यानंतरच्या काळाची, आणि मराठी अद्भुतकथेचा बहर नेमका त्यानंतरचा.

अनंत अंतरकरांची ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ ही मासिके आठवावीत. ‘नवल’ तर गूढ, भय, साहस आणि विज्ञान यांसाठीच वाहिलेले. द. पां. खांबेटे यांच्यासारखे लेखक विज्ञानकथा लिहीत होते ते नारळीकरांच्या कितीतरी आधी. भा. रा. भागवत व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणत होते. म्हणजे १९७४ साली मराठी विज्ञानकथा शून्यातून उगवली, हा समज खोटा आहे. तो टिकला, कारण आधीच्या कथांचा पत्ता सहज मिळत नाही.

(१७)
नारायण धारपांचे उदाहरण या बाबतीत सर्वात बोलके. जन्म १९२५, मृत्यू २००८. शंभराहून अधिक पुस्तके. भयकथा, विज्ञानकथा, ‘समर्थां’ची मालिका. गावोगावच्या वाचनालयांत धारपांची पुस्तके कव्हर निघेपर्यंत वाचली गेली. समीक्षेच्या मोठ्या ग्रंथांत मात्र त्यांना फारच कमी जागा मिळाली.

परिणाम असा की कोणती कथा स्वतंत्र, कोणती आधारित, हे ठरवायचे काम वाचकांवर आले. ‘लुचाई’ आणि स्टीफन किंग यांची ‘सालेम्स लॉट’ यांतले नाते चाहत्यांनी ओळखले. ‘आजी’ या कथेमागची किंगची ‘ग्रामा’ही तशीच. २०१८ साली ‘तुंबाड’ चित्रपट आला आणि त्यातल्या आजीचा माग काढत तरुण प्रेक्षक धारपांपर्यंत पोहोचले. (चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले, कथा धारपांकडून, धारपांची किंगकडून. वंशावळ अशी असते.) इथे धारपांना दोषी ठरवण्याची घाई करू नये. त्या काळी रूपांतर हा मराठी लेखनाचा सर्रास मार्ग होता आणि मूळ लेखकाचे नाव न देणे ही अनेकांची सवय होती. पण नोंद ठेवणाऱ्याला दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात : मूळ कुठले, आणि धारपांनी ते मराठी मातीत किती खोल रुजवले.

(१८)
पुन्हा १९७४ कडे. पारितोषिकानंतर नाव उघड झाले, आणि मराठी विज्ञानकथेला जे आजवर नव्हते ते मिळाले : प्रतिष्ठा. ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांकडे आणखी कथा मागितल्या. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची दखल घेतली. आणीबाणीविरुद्धच्या भूमिकेमुळे गाजलेल्या त्या संमेलनाचा हा पैलू सहसा सांगितला जात नाही.

मग रांगच लागली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे. ‘सिंहासन’चे लेखक अरुण साधू यांनी ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरी लिहिली. ते मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचे, म्हणजे वऱ्हाडचेच. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा विज्ञानकथा मराठीच्या मुख्य मांडवात अधिकृतपणे बसली.

(१९)
१९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने बाळ फोंडके यांच्या संपादनाखाली भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ त्यातूनच मराठीबाहेर गेली. जागतिक कोशांत मराठी लेखक दिसतात ते बहुधा अशा इंग्रजी दारातून आत आल्यावर. ज्याचे भाषांतर झाले त्याचे नाव टिकले. ज्याचे झाले नाही, तो कितीही वाचला गेलेला असो, त्या नकाशावर नाही. मराठी विश्वकोश आता महाजालावर आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि दोन्हींचा उपयोग मोठा. पण लेखकाचे चरित्र आणि पुस्तकांची नावे मिळणे वेगळे आणि ‘ही कथा प्रथम कोणत्या दिवाळी अंकात, कोणत्या पानावर’ हे मिळणे वेगळे. इतिहासकाराला लागते ते दुसरे.

(२०)
याला कायद्याचाही एक पदर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. आठल्ये १९२६ मध्ये गेले, नाथमाधव १९२८ मध्ये. त्यांचे लेखन कुणीही स्कॅन करून महाजालावर ठेवू शकतो. धारपांचे लेखन २०६८ अखेरपर्यंत हक्काच्या कक्षेत राहील. टोपणनावाने छापलेल्या लेखनाचा नियम निराळा : लेखक कोण हे उघड झालेच नाही, तर साठ वर्षे मोजायची ती प्रकाशनापासून. उघड झाले, तर मृत्यूपासून. म्हणजे एखाद्या ‘जगतापां’ची ओळख पटणे हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. १९५५ च्या अंकातली कथा आज मुक्त आहे की नाही, हे त्या ओळखीवर ठरते.

आणि हक्कधारक सापडत नाही, म्हणून पुनर्मुद्रण होत नाही. पुनर्मुद्रण होत नाही, म्हणून वाचक राहत नाही. दरम्यान कागद आपले काम करतोच. लगद्याच्या कागदातले आम्ल कुणाच्या वारसाची वाट पाहत नाही.

(२१)
१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी जायला हवी. १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकेही त्यात आली. कागदोपत्री व्यवस्था चोख. प्रत्यक्षात छोट्या दिवाळी अंकाचा प्रकाशक ही प्रत पाठवेलच याचा भरवसा नाही. त्यामुळे कित्येक अंकांच्या उरलेल्या प्रती आहेत त्या सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या तालुक्याच्या नि खेड्यांच्या ग्रंथालयांत, आणि निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावर. वर्षाचे अंक एकत्र बांधून घेण्याची पद्धत एके काळी सर्वत्र होती. बांधणीत पुष्कळदा मुखपृष्ठ काढून टाकले जाई, आणि मग वर्ष-महिना ओळखायला आतल्या जाहिराती पाहाव्या लागतात. साबणाची किंमत, चित्रपटाचे नाव, निवडणुकीचा उल्लेख. मिराशींनी झिजलेली अक्षरे वाचली त्याच जातीचे हे काम आहे, फक्त लिपी सोपी.

(२२)
अशा एका कथेच्या नोंदीला फार काही लागत नाही. मासिकाचे नाव, वर्ष, अंक, पान. लेखकाचे नाव जसे छापले आहे तसे, अक्षराचाही बदल न करता. खरे नाव माहीत असल्यास वेगळ्या रकान्यात, आणि ते कशावरून कळले तेही. रूपांतर असल्यास मूळ कथा. पुढे संग्रहात आली असल्यास संग्रह आणि बदललेले शीर्षक. कथा कशाविषयी आहे याच्या दोन ओळी, म्हणजे ‘तारेचे हास्य’सारखे कोडे पुन्हा पडणार नाही. डोनाल्ड डे यांच्याकडे १९५२ साली याहून मोठे साधन नव्हते, आणि रायबहादूर हिरालाल यांच्याकडे तर त्याहूनही कमी.

(२३)
कारंज्याच्या पोथ्या पेट्यांमध्ये टिकल्या, कारण त्या पवित्र मानल्या जात. त्यांना कापड होते, पूजा होती, वर्षातून एकदा ऊन दाखवणारे हात होते. ‘नवल’च्या जुन्या अंकाला यातले काहीच नाही. धनजपासून परतवाड्यापर्यंत ज्या घरांत तो अजून आहे, तिथे तो बहुधा दिवाळीच्या साफसफाईत हाती येतो, आणि रद्दीवाला तो किलोने तोलून घेतो.